अपुरं राहिलेलं पुरं करणाऱ्या

1943 साली सी. एस. लुईसची 'पेरेलँड्रा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शुक्र ग्रहावर एक जग नुकतंच घडलं आहे, तिथली पहिली स्त्री पाण्यावर तरंगणाऱ्या बेटांवरून एकटीच हिंडते आहे, आणि तिला भुलवायला पृथ्वीवरून एक शास्त्रज्ञ येऊन पोचला आहे, अशी ती गोष्ट. हव्वेचीच कथा, पण या खेपेला हव्वा भुलत नाही. हे पुस्तक लुईसनं वाँटेजच्या काही स्त्रियांना अर्पण केलं आहे. अर्पणपत्रिकेत त्यांची नावं नाहीत.

वाँटेज हे ऑक्सफर्डजवळचं लहानसं गाव. मराठी वाचकाला ते परकं वाटायचं कारण नाही. तिथल्या कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन या मठात 1883 साली पंडिता रमाबाई जाऊन राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा आणि लहानग्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा वाँटेजलाच झाला. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काम करणाऱ्या सिस्टर याच मठाच्या. रमाबाईंची त्यांच्याशी ओळख पुण्यातच झाली होती. म्हणजे लुईसनं ज्यांना शुक्रावरची गोष्ट वाहिली, त्यांच्याच आधीच्या पिढीनं साठ वर्षांपूर्वी एका मराठी विधवेला आपल्या दारात उतरवून घेतलं होतं. हा धागा हाती लागला आणि माझ्या या पुस्तकाला रस्ता सापडला. तोवर ख्रिस्ती अद्भुतकथांचं जग आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती लेखिका हे माझ्या वाचनातले दोन वेगळे कप्पे होते.

वाँटेजमध्ये रमाबाईंनी नुसता आश्रय घेतला नाही, वादही घातला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 साली प्रसिद्ध केला. तो वाचताना अजूनही छाती दडपते. जिनं पंचविशी नुकती ओलांडली आहे, जी परक्या देशात परक्यांच्या अन्नावर राहते आहे, ती मठाच्या धर्मगुरूंना आणि बिशपांना लिहून कळवते की माझा विवेक मी कुणाकडे गहाण ठेवलेला नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मायदेशात बाईची पत जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की माझ्या वडिलांनी आणि माझ्या नवऱ्यानं ज्याला कधी आडकाठी केली नाही, त्याला इंग्रजांनी करावी याचं मला नवल वाटतं.

बाईनं पुरुषांना शिकवावं का, पुरुष बसतात त्या खोलीत तिनं बसावं का, तिथे तिनं बोलावं का, हाच प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. आणि त्याला जोडून दुसरा: खोलीबाहेर राहिलेल्या बाईनं जे लिहिलं, निस्तरलं, पुरं केलं, त्याचं पुढे काय झालं?

ती खोली कोणती, ते सांगते. ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात लुईसच्या बैठकीच्या खोलीत 1930 च्या दशकापासून दर गुरुवारी रात्री काही मित्र जमायचे. मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी 'ईगल अँड चाइल्ड' या दारूच्या गुत्त्यात बैठक व्हायची. स्वतःला ते इंकलिंग्ज म्हणवत. लुईस, त्याचा भाऊ वॉर्नी, जे. आर. आर. टॉल्किन, चार्ल्स विल्यम्स, ओवेन बारफील्ड, ह्यूगो डायसन, डॉक्टर हॅवर्ड, आणखी काही जण. कुणीतरी लिहीत असलेल्या पुस्तकाचं प्रकरण वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या खोलीत वाचलं गेलं, छापून येण्याच्या कितीतरी आधी. आज जगभर मुलं ज्या अद्भुत जगांत रमतात त्यांचा मोठा हिस्सा या मंडळींनी उभा केला, आणि तो उभा करताना त्यांची ख्रिस्ती श्रद्धा पायाशी होती. त्या खोलीत बाई नव्हती. एकही नाही.

यावर दोन तऱ्हेची उत्तरं तयार असतात. एक म्हणतं, तो काळच तसा होता. दुसरं म्हणतं, ते स्त्रीद्वेष्टे होते, विषय संपला. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. काळ तसा होता हे खरं, पण त्याच काळात आणि त्याच शहरात बायका शिकत होत्या, शिकवत होत्या. ऑक्सफर्डनं 1920 साली स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीत डोरोथी सेयर्स होती. सॉमरव्हिल कॉलेजातला तिचा अभ्यास 1915 मध्येच संपला होता, पदवीसाठी तिला थांबावं लागलं. त्याच सॉमरव्हिलमध्ये तिच्याही आधी, 1889 साली, नाशिकात जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी कायदा शिकायला गेली होती. 1892 मध्ये तिनं परीक्षा दिली. पदवी हाती पडायला तीस वर्षं लागली.

सेयर्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. लॉर्ड पीटर विम्झीच्या हेरकथांनी तिला नाव आणि पैसा दिला. 1938 साली तिनं स्त्रियांच्या एका संस्थेपुढे भाषण केलं, असा सवाल जणू समाजालाच टाकणारं: बाई आधी माणूस आहे की नाही? ते 'आर विमेन ह्यूमन?' या नावानं आजही छापलं जातं. 1941-42 मध्ये बीबीसीवर येशूच्या जीवनावरची तिची नाट्यमालिका गाजली. येशूच्या तोंडी रोजची बोलभाषा घातली म्हणून काही लोक खवळले. लुईसनं ती मालिका पुस्तकरूपात मनापासून वाचली. दोघांचा पत्रव्यवहार होता, स्नेह होता. चार्ल्स विल्यम्सच्या दान्तेवरच्या पुस्तकानं तिला झपाटलं. 1944 मध्ये बाँबहल्ल्याचा भोंगा झाला तसा तिनं हाताशी असलेला दान्ते उचलला आणि आसऱ्याला जाऊन तो वाचत बसली. पुढचं सगळं आयुष्य तिनं त्या एका कवीला दिलं.

1945 मध्ये विल्यम्स अचानक गेला. मित्रांनी त्याच्या स्मरणार्थ काढलेला लेखसंग्रह 1947 साली आला. टॉल्किनचा परीकथांवरचा सुप्रसिद्ध निबंध याच संग्रहात आहे. लुईस आहे, बारफील्ड आहे. आणि सेयर्सचा दान्तेवरचा लेखही आहे, संग्रहातली ती एकटीच स्त्री. पुस्तकात ती त्यांच्या पंगतीला बसली. गुरुवारच्या खोलीत मात्र नाही. लुईसनं पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की ती आमच्या मंडळात कधी आली नाही, तिला त्याचा पत्ताही बहुधा नव्हता. मला हे वाक्य साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलकं वाटतं. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिला बोलवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

आणि तरी ती कुणाची मिंधी नव्हती. 1948 मध्ये चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा देऊन धर्मगुरू करावं की नाही हा वाद पेटला तेव्हा लुईसनं तिला विरोधात लिहायची गळ घातली. तिनं नकार दिला. विरोधाला कोणतंही खरं धर्मशास्त्रीय कारण मला सापडत नाही, तेव्हा माझी साथ तुम्हाला अडचणीचीच ठरेल, असं तिनं कळवलं. मग लुईसनं तो लेख स्वतः लिहिला. दोघांची मैत्री टिकली. रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचीही शेवटपर्यंत तुटली नाही. मतभेद पोटात घेऊन टिकणारं असं नातं मला या साऱ्या इतिहासात पुन्हापुन्हा भेटलं.

वाँटेजच्या सिस्टर पेनेलोपी यांच्याविषयी मराठीत कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणून त्यांना या पुस्तकात स्वतंत्र लेख दिला आहे. 1939 साली लुईसची पहिली अंतराळकादंबरी वाचून त्यांनी त्याला पत्र लिहिलं, सोबत आपलं एक पुस्तक पाठवलं. त्या ग्रीक-लॅटिनच्या पंडित. लुईस त्यांना आपल्या शंका विचारी, आपल्या मनाचे चढउतार सांगे. महायुद्धात बाँबच्या धास्तीनं त्यानं 'द स्क्रूटेप लेटर्स'चं हस्तलिखित सांभाळायला त्यांच्याकडे पाठवलं. 1944 साली चौथ्या शतकातल्या अथानेशियसच्या ग्रंथाचा सिस्टर पेनेलोपी यांनी केलेला अनुवाद प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लुईसची. जुनी पुस्तकं का वाचावीत यावरची ती प्रस्तावना पुढे स्वतंत्र निबंध म्हणून जगभर पसरली, आजही अभ्यासक्रमांत असते. अनुवादकाच्या जागी मात्र या मठाची एक व्रतस्थ स्त्री, एवढंच छापलेलं होतं. नाव न लावणं हा मठाचा रिवाज होता आणि त्यांनी तो आपणहून पाळला, हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्यांच्यावर अन्याय झाला असं म्हणणं त्यांनाच रुचलं नसतं. पण रिवाज आपणहून पाळला म्हणून त्याचा परिणाम टळत नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव राहिलं. ग्रंथ ज्यांनी शब्दाशब्दानं आपल्या भाषेत आणला त्यांचं नाव शोधावं लागलं.

हीच गोष्ट उलट्या दिशेनंही घडली आहे, आणि ती झाकून ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. टॉल्किननं 1941 साली आपल्या मुलाला लिहिलेल्या एका पत्रात स्त्रियांच्या बुद्धीविषयी जे लिहिलं ते वाचून वाईट वाटतं. बाई शिक्षकाचं चटकन उचलते, पण त्याचा हात सुटला की तिची गती थांबते, असा त्याचा सूर. तोच टॉल्किन आपली बेल्जियन विद्यार्थिनी सिमोन द'आर्देन हिच्यासोबत संत ज्युलियानाच्या मध्ययुगीन चरित्रावर राबला. 1936 साली ते पुस्तक आलं ते तिच्या एकटीच्या नावानं, कारण तिला लिएज विद्यापीठात त्याची गरज होती. त्यातला टॉल्किनचा वाटा मोठा होता, असं अभ्यासक मानतात. एकांतात राहून तप करणाऱ्या तीन बहिणींसाठी तेराव्या शतकात लिहिलेला आचारग्रंथ हा तर त्याचा आयुष्यभराचा ध्यास. मेरी सलू या त्याच्या विद्यार्थिनीनं 1955 साली तो आधुनिक इंग्रजीत आणला तेव्हा त्यानं तिला चार शब्द प्रास्ताविक लिहून दिलं. जो माणूस पत्रात एक लिहितो आणि हातानं दुसरं करतो, त्याचा निवाडा एका वाक्यात कसा करायचा?

चार्ल्स विल्यम्सच्या बाबतीत मात्र माझं मन निवत नाही. त्याच्याभोवती तरुण स्त्रियांचं शिष्यमंडळ होतं. गुरू म्हणून तो त्यांना आज्ञा करी, शिक्षाही करी, आणि त्या आज्ञा-शिक्षांतून आपल्याला लिहायची शक्ती मिळते असं मानी. लोइस लँग-सिम्स या त्यातल्या एकीनं त्याची पत्रं 1989 मध्ये छापली, म्हणून हे उघड झालं. त्याच्या कादंबऱ्यांतली ईश्वरी प्रेमाची दर्शनं वाचताना या मुलींची आठवण बाजूला सारता येत नाही. सारूही नये.

या पुरुषांची घरं कशी होती, हेही पाहायला हवं. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठकांमागे कुणीतरी मुलं निजवत होतं. टॉल्किनची बायको एडिथ ऑक्सफर्डच्या विद्वान वर्तुळात कधी रुळली नाही, हे त्याचा चरित्रकार हंफ्री कार्पेंटर यानं स्पष्ट लिहिलं आहे. तरुणपणी झाडीत नाचणारी एडिथ पाहून टॉल्किनला आपल्या कथांतली लुथिएन सुचली, आणि आज वुल्व्हरकोटच्या कबरस्तानात एडिथच्या नावाखाली लुथिएन असंच कोरलेलं आहे. कथेत तिला अमरत्व मिळालं. रोजच्या गप्पांत जागा मिळाली नाही.

लुईसच्या घरी उशिरा का होईना, दार उघडलं. अमेरिकन कवयित्री जॉय डेव्हिडमन आधी पत्रांतून, मग समोरासमोर त्याच्या आयुष्यात आली. 1955 च्या वसंतात तो लिहिण्यासारखं काही सुचत नाही म्हणून अडला होता. दोघं बसली, एकमेकांवर कल्पना फेकत राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी पहिलं प्रकरण उभं राहिलं. त्यातून 1956 साली 'टिल वुई हॅव फेसेस' आली. ओरुआल नावाची कुरूप राणी देवांवर फिर्याद गुदरते आणि आपली कथा स्वतः सांगते. लुईसच्या सगळ्या कथांत इतकी पुरी, इतकी रागीट, इतकी खरी बाई दुसरी नाही. पुस्तक जॉयला अर्पण केलं आहे, नाव घालून. खोलीत बाई आली की काय होतं याचा याहून मोठा पुरावा मला नको.

कथांकडे वळू. 'पेरेलँड्रा'त शुक्रावरची ती हरितवर्णी स्त्री दिवसेंदिवस मोह परतवते, विचार करते, प्रश्न विचारते. मग निर्णायक घडी येते आणि तिला गाढ झोप लागते. मोहिनी घालणारा पुरुष आणि तिला वाचवायला आलेला पुरुष यांची मारामारी होते, निकाल तिथे लागतो. ती जागी होते तेव्हा सारं आटोपलेलं असतं. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली एओविन याच्या उलट. सगळे लढायला गेले, तू घर सांभाळ, असं तिला सांगितलं जातं. ती पुरुषवेषात रणात जाते आणि ज्याला कोणताही पुरुष मारू शकत नाही त्याला मारते. लढाईनंतर लेखक तिला तलवार ठेवायला लावतो आणि तिचं लग्न लावून देतो. काही वाचक त्यावर नाराज असतात. मी नाही, कारण युद्धाचा कंटाळा त्या पुस्तकात पुरुषांनाही तितकाच आहे.

सुझनचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. लुईसच्या नार्निया मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात, 1956 सालच्या 'द लास्ट बॅटल'मध्ये, बाकीची सगळी भावंडं नार्नियाच्या स्वर्गात पोचतात. सुझन नाही. तिला आता लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं यांखेरीज कशात रस नाही, असं सांगून तिला गोष्टीतून वजा केलं जातं. फिलिप पुलमननं त्यावर कडाडून टीका केली, नील गेमननं 2004 मध्ये म्हाताऱ्या सुझनची एक कथाच लिहिली. मी शिकवते त्या मुलचेऱ्याला नववीच्या वर्गात मी कपाटातून नार्नियात जायची गोष्ट सांगायला घेतली आणि मुलांच्या आग्रहानं शेवटपर्यंत नेली. भावंडं आणि आईवडील रेल्वेच्या अपघातात गेले, म्हणून ते सारे त्या देशात पोचले, हे सांगून झालं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग त्यायचं मागचं कोनं केलं?"

वर्गात कुणी हसलं नाही. आमच्याकडे मागचं करणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रेत ओळखायचं, घरी आणायचं, माती द्यायची किंवा दहन करायचं, दिवस घालायचे, उरलेली देणी फेडायची. इतके समीक्षक वाचले, कुणी ही बाजू अशी धरली नव्हती. ज्या मुलीला लेखकानं उथळ म्हणून दाराबाहेर ठेवलं, तिच्याच माथी सगळ्यांचं मागचं करायचं आलं.

आपल्याकडे ही कथा कुठून सुरू होते? 1841 साली हरि केशवजी यांनी जॉन बन्यनचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' मराठीत 'यात्रिक क्रमण' म्हणून आणलं. ख्रिस्ती अद्भुतकथेचा तो आदिग्रंथ. त्याच्या 1678 मधल्या पहिल्या भागात नायक बायकोमुलांना मागे टाकून स्वर्गाच्या वाटेला लागतो. कानांत बोटं घालून पळतो, कारण ती हाका मारत असतात. सहा वर्षांनी बन्यनला दुसरा भाग लिहावा लागला, त्यात ती मागे राहिलेली बायको मुलांना घेऊन, मर्सी नावाच्या सखीला सोबत घेऊन निघते. पुरुषाची वाट एकट्याची, बाईची वाट सगळ्यांना घेऊन. 1857 मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली तेव्हा प्रवासाला बाईच निघाली. यमुना गावोगाव विधवांना भेटते, त्यांची दुःखं ऐकते, मग स्वतःच विधवा होते. मराठी कादंबरीचा पहिला मान या पुस्तकाला देतात. ते अद्भुत नाही, पण आत्म्याची यात्रा आणि बाईचे हाल एकाच वाटेवर आणून ठेवणं बाबा पदमनजींना सुचलं, याचं मोल मला फार वाटतं.

मराठीतली ती खोली म्हणाल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घर. अहमदनगरला त्या घरात कवी येत, राहत. बालकवी ठोंबरे तर घरचेच होऊन गेले. फरक हा, की इथली बैठक चुलीपासून लांब नव्हती. लक्ष्मीबाई त्याच घरात होत्या, बोलत होत्या, पाहत होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नवऱ्यानं अक्षरं शिकवली तीही त्याच्या लहरीप्रमाणे. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पाच वर्षं ताटातूट झाली. मग त्या आल्या, आपल्या पायांनी, आपल्या विचारांनी, आणि पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या.

टिळक 1919 मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबलं. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे 64 अध्याय रचले. 1936 साली त्याही गेल्या. शहात्तरावा, शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्त टिळकांनी लिहिला आणि 1938 मध्ये ग्रंथ बाहेर आला. अकरा, चौसष्ट आणि एक. तरी बोलताना बहुतेक जण 'टिळकांचं ख्रिस्तायन' असंच म्हणतात, आणि लक्ष्मीबाई म्हटलं की फक्त 'स्मृतिचित्रे' आठवतात. 'स्मृतिचित्रे' थोर आहेच. पण त्यातल्या मिश्कील, भाबड्या वाटणाऱ्या बाईवर आपण इतकं प्रेम केलं की तिच्या हातचं महाकाव्य वाचायचं राहून गेलं. महदंबेच्या धवळ्यांपासून मराठी बाई देवाची कथा स्वतः रचून गात आली आहे. गोव्यात 1616 मध्ये फादर स्टीफन्सनं 'ख्रिस्तपुराण' छापलं आणि येशूची कथा पुराणाच्या घाटात बसवली. या दोन्ही परंपरा लक्ष्मीबाईंच्या चौसष्ट अध्यायांत येऊन मिळतात. असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

रमाबाईंनीही एक अवाढव्य काम हाती घेतलं, ते मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायचं. बायकांना, नुकतं वाचायला शिकलेल्यांना कळेल असं. केडगावच्या मुक्तिसदनात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारं मुलींनी आणि बायकांनी केलं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. छापलेला पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये आला. ज्या बायकांनी ते खिळे जुळवले, त्यांतल्या कित्येकी दुष्काळातून वाचवून आणलेल्या होत्या.

हे सगळं मुलचेऱ्यात बसून लिहायचं कारण काय, असं पुण्या-नागपुरातले मित्र विचारतात. पुस्तकं मिळवायला त्रास होतो, हे खरं. पण इथे एका वर्गात माडिया-गोंडी बोलणारं मूल, तेलुगू बोलणारं, मराठी बोलणारं आणि बंगाली बोलणारं शेजारी शेजारी बसतं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकापासून या जंगलात वसवलं, त्यांची गावं आमच्या तालुक्यात आहेत. त्या घरांतल्या आज्या नातवंडांना 'ठाकुरमार झुली'तल्या गोष्टी सांगतात. आजीची पोतडी, असं ते पुस्तक. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून कथा ऐकून 1907 मध्ये ते छापलं. प्रस्तावना रवींद्रनाथांची. आजी नावात आहे, मुखपृष्ठावर आहे, पण ज्यांनी गोष्टी सांगितल्या त्या आज्यांपैकी एकीचंही नाव वाचकाच्या ओठी नाही. आणि माडिया बायका मोहफुलं वेचताना ज्या गोष्टी सांगतात त्या तर अजून पुस्तकापर्यंतही आलेल्या नाहीत. ऑक्सफर्डच्या खोलीकडे मी या जागेवरून पाहते. इथून ती खोली लहान दिसत नाही, पण तिच्या भिंती स्पष्ट दिसतात.

आता पुस्तकातल्या लेखांविषयी. नार्नियाची चित्रं काढणाऱ्या पॉलिन बेन्सवरचा लेख मुलांसाठी लिहिला आहे, तो थोडा सोपा आहे. आधी टॉल्किनला तिची चित्रं आवडली, मग लुईसनं तिला घेतलं. शेवटच्या पुस्तकाला पदक मिळालं तेव्हा ते आपल्या दोघांचं आहे असं लुईसनं तिला कळवलं. तिला चित्रांचे ठरावीक पैसे मिळाले होते, विक्रीतला वाटा नव्हता. अहमदनगरात जन्मलेल्या आणि इंग्रजीतून 'सगुणा' लिहून 1894 मध्ये अकाली गेलेल्या कृपाबाई सत्यनाधन यांच्यावरचा लेख पुस्तकाच्या मध्यावर आहे, कारण त्या कोणत्याच एका बाजूच्या नाहीत. शेवटचा लेख सेयर्सच्या दान्तेवर. 'नरक' 1949 मध्ये आणि 'शुद्धिलोक' 1955 मध्ये पुरा करून ती 1957 साली वारली. 'स्वर्ग' अर्ध्यात राहिला. बार्बरा रेनॉल्ड्स या तिच्या मैत्रिणीनं तो पुरा केला आणि 1962 साली तो आला तेव्हा मुखपृष्ठावर दोघींची नावं होती. लक्ष्मीबाईंवरचा लेख मी सर्वांत आधी ठेवला आहे. 'ख्रिस्तायन'चे बारा ते पंचाहत्तर अध्याय जवळच्या ग्रंथालयात असतील तर वाचकांनी ते मागून घ्यावेत, आणि नसतील तर मागणीपुस्तकात नोंद करावी.